विश्लेषण : रग्बी लीगमध्ये धोकादायक टॅकलची शिक्षा कशी ठरते? कृती महत्त्वाची की दुखापत?

ऑस्ट्रेलियातील नॅशनल रग्बी लीग (एनआरएल) या स्पर्धेत आठवड्याअखेरीचे सामने संपले, की आणखी एक सामना सुरू होतो. तो मैदानात नव्हे, तर सुनावणीच्या खोलीत रंगतो. एका बाजूला लीगचे वकील, दुसऱ्या बाजूला खेळाडू आणि त्याचे वकील, समोर माजी खेळाडूंची समिती आणि पडद्यावर पुन:पुन्हा फिरणारी काही सेकंदांची चित्रफीत. प्रश्न एकच असतो : हा टॅकल नियमात होता की धोकादायक? उत्तरावर खेळाडूचे सामने, कधी कधी संघाचे विजेतेपद अवलंबून असते. दुसऱ्या बाजूला कुणाची तरी मान, जबडा किंवा मेंदूही पणाला लागलेला असतो. ही सुनावणी कशी चालते आणि तिच्यावर इतका वाद का होतो, याचा हा आढावा.

रग्बी लीग आणि रग्बी युनियन यांत फरक काय?

भारतात ‘रग्बी’ म्हणून ओळखला जाणारा खेळ बहुतेक वेळा रग्बी युनियन असतो. त्यात एका संघात १५ खेळाडू असतात. मुंबईत जून २०२५ मध्ये झालेली रग्बी प्रीमियर लीग ही युनियनच्याच ‘सेव्हन्स’ म्हणजे सात खेळाडूंच्या प्रकारातील स्पर्धा होती. तिच्या नावात ‘लीग’ असले तरी रग्बी लीग हा वेगळा खेळ आहे. १८९५ मध्ये उत्तर इंग्लंडमधील क्लब मूळ संघटनेतून फुटले आणि त्यातून तो जन्माला आला.

रग्बी लीगमध्ये एका संघाचे १३ खेळाडू मैदानात असतात. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्या संघाला सहा टॅकलपर्यंत तो पुढे नेता येतो. सहाव्यांदा पकडले गेले, की चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो. मराठी वाचकाला कबड्डीतील पकड आठवली तर चित्र चटकन समजेल. चढाई करणाऱ्याला तीन-चार बचावपटू घेरतात, तसेच येथे चेंडू घेऊन धावणाऱ्याला दोन-तीन खेळाडू मिळून रोखतात. फरक वेगाचा आणि वजनाचा आहे. शंभर किलोच्या आसपासचे खेळाडू समोरासमोर धावत येऊन धडकतात आणि एका सामन्यात अशा शेकडो धडका होतात. त्यामुळे टॅकल सुरक्षित ठेवणे हा या खेळात अस्तित्वाचा प्रश्न ठरतो.

कोणता टॅकल धोकादायक मानला जातो?

ढोबळमानाने पाच प्रकार सांगता येतील. पहिला ‘हाय टॅकल’, म्हणजे डोके किंवा मानेवर आलेला हात अथवा खांदा. दुसरा ‘डेंजरस थ्रो’, म्हणजे खेळाडूला उचलून असे आपटणे, की त्याचे डोके किंवा मान आधी जमिनीवर आदळण्याची शक्यता निर्माण व्हावी. तिसरा ‘शोल्डर चार्ज’, म्हणजे हातांनी पकडण्याचा प्रयत्न न करता नुसत्या खांद्याने दिलेली जोरदार धडक. एनआरएलमध्ये २०१३ च्या हंगामापासून त्यावर बंदी आहे. चौथा ‘क्रशर’, म्हणजे पकडलेल्या खेळाडूची मान शरीराच्या भाराखाली दाबणे. पाचवा ‘हिप-ड्रॉप’, म्हणजे पकड घेतल्यावर स्वतःचे वजन प्रतिस्पर्ध्याच्या पायांवर सोडून देणे.

यांतील डेंजरस थ्रोचा नियम नीट पाहण्यासारखा आहे. खेळाडू हवेत धोकादायक स्थितीत गेला, की तो थ्रो धोकादायकच मानला जातो. अपवाद एकच : योग्य ती काळजी घेऊनही ती स्थिती टाळता आली नसती, असे दिसले पाहिजे. ‘मला तसे करायचे नव्हते’ एवढे म्हणून येथे सुटका होत नाही. नियम हेतू विचारत नाही, काळजी घेतली का, हे विचारतो.

आरोप ते शिक्षा : प्रक्रिया कशी असते?

पहिला निर्णय मैदानातच होतो. पंच पेनल्टी देऊ शकतात, खेळाडूला १० मिनिटांसाठी ‘सिन-बिन’ म्हणजे मैदानाबाहेर बसवू शकतात किंवा उरलेल्या सामन्यासाठी त्याला थेट हाकलू शकतात.

दुसरा टप्पा सामना पुनरावलोकन समितीचा. ही समिती प्रत्येक सामन्याच्या चित्रफिती तपासते. पंचांच्या नजरेतून सुटलेल्या घटनेवरही ती आरोप ठेवू शकते. आरोपाला श्रेणी दिली जाते. पहिली सौम्य, तिसरी गंभीर. हाय टॅकल ‘निष्काळजीपणाचा’ होता की ‘बेपर्वाईचा’, असाही फरक केला जातो. फार गंभीर प्रकरण श्रेणी न देता थेट सुनावणीला पाठवले जाते.

तिसरा टप्पा खेळाडूच्या निवडीचा. त्याने ठरलेल्या मुदतीत गुन्हा कबूल केला तर शिक्षा कमी होते आणि सुनावणी टळते. नाकारला तर प्रकरण शिस्तपालन न्यायमंडळाकडे, म्हणजे ‘ज्युडिशरी’कडे जाते. तेथे माजी खेळाडू निर्णय देतात आणि कायद्याच्या क्षेत्रातील व्यक्ती अध्यक्षस्थानी असते. सुनावणी पारंपरिकरीत्या मंगळवारी संध्याकाळी होते, कारण पुढच्या फेरीसाठी संघ निवडायचे असतात. न्यायमंडळाच्या निर्णयाविरुद्ध अपिलाची सोयही आहे.

निर्दोष असूनही खेळाडू गुन्हा का कबूल करतात?

यामागे साधा हिशेब आहे. २०२१ पर्यंत एनआरएलमध्ये दोषांकांची पद्धत होती. १०० गुण म्हणजे एका सामन्याची बंदी. लगेच कबुली दिली, तर २५ टक्के सूट. समजा, एखाद्यावर २०० गुणांचा आरोप आहे. कबुली दिली तर १५० गुण, म्हणजे एक सामना बाहेर आणि उरलेले ५० गुण खात्यावर. लढून हरला तर दोन सामने बाहेर. जिंकला तर काहीच नाही. म्हणजे सुटण्याची शक्यता निम्म्याहून कमी वाटत असेल, तर लढण्यात फायदा नाही. खेळाडूला आपण निर्दोष आहोत याची खात्री असली तरी हे गणित बदलत नाही.

२०२२ पासून पद्धत सोपी करण्यात आली. सौम्य गुन्ह्यांसाठी बंदीऐवजी दंड आला. निष्काळजी हाय टॅकलच्या सर्वांत खालच्या श्रेणीसाठी पहिल्यांदा दोषी ठरल्यास कबुली दिली तर १,००० ऑस्ट्रेलियन डॉलर आणि लढून हरल्यास १,५०० डॉलर दंड, अशी रचना झाली. वारंवार गुन्हा करणाऱ्याला शिक्षा वाढत जाते. किरकोळ चुकीसाठी चांगला खेळाडू प्रेक्षकांना पाहायला मिळू नये, हे योग्य नाही, असा त्यामागचा विचार होता. टीकाकार मात्र विचारतात, की डोक्यावर आलेला हात ‘किरकोळ’ कसा? नामवंत खेळाडूच्या दृष्टीने हजार डॉलर म्हणजे पार्किंगच्या पावतीसारखी रक्कम. नुकताच संघात आलेल्या तरुणाला मात्र ती जाणवते.

मॅकिनन प्रकरणाने काय बदलले?

२४ मार्च २०१४ रोजी मेलबर्नमध्ये मेलबर्न स्टॉर्म आणि न्यूकॅसल नाइट्स यांचा सामना सुरू होता. न्यूकॅसलचा २२ वर्षांचा ॲलेक्स मॅकिनन चेंडू घेऊन पुढे आला. स्टॉर्मच्या तिघांनी त्याला पकडले. त्यात तो उचलला गेला आणि डोक्यावर आदळला. मानेचे चौथे आणि पाचवे मणके मोडले. त्याची कारकीर्द तेथेच संपली आणि पुढचे आयुष्य चाकाच्या खुर्चीत आले.

आरोप ठेवला गेला तो तिघांपैकी जॉर्डन मॅक्लीनवर. प्रकरण थेट न्यायमंडळाकडे गेले. बचाव असा होता, की मॅकिननने पडताना डोके आत वळवले, त्यामुळे दुखापत वाढली. समितीने तो मानला नाही. मॅक्लीन दोषी ठरला आणि त्याला सात सामन्यांची बंदी झाली.

या निर्णयावर दोन्ही बाजूंनी टीका झाली. एका माणसाचे हातपाय निकामी झाले आणि शिक्षा फक्त सात सामने? हा एक सूर. दुसरा सूर असा, की तीन जणांच्या पकडीत क्षणभरात घडलेल्या अपघाताचा भार एकट्या मॅक्लीनवर टाकला गेला. असाच टॅकल दर आठवड्याला होतो, पण खेळाडू उठून धावू लागतो, म्हणून कुणी विचारत नाही. पुढच्या वर्षी एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात त्या सामन्याचे ध्वनिमुद्रण दाखवण्यात आले. मॅकिनन मैदानात निपचित पडलेला असताना स्टॉर्मचा कर्णधार कॅमेरॉन स्मिथ पंचांशी पेनल्टीवरून वाद घालत होता, हे ऐकून देशभर संताप उसळला.

त्या दुसऱ्या सुरात तथ्य आहे आणि तोच या विषयाचा गाभा आहे. सुनावणी होते ती बहुतेक वेळा दुखापत झाल्यावर. पण खेळाडूच्या हातात असते ती कृती. मान वाचली की मोडली, हे काही अंशांच्या कोनावर आणि नशिबावर ठरते.

मग शिक्षा कृतीला द्यायची की परिणामाला?

एनआरएलच्या पद्धतीत दोन्हींची सरमिसळ आहे. दोषी ठरवताना कृती पाहिली जाते. किती शिक्षा द्यायची, हे ठरवताना दुखापतही विचारात येते. २०२२ मध्ये ब्रिस्बेन ब्रॉन्कोजच्या पॅट कॅरिगनने वेस्ट टायगर्सच्या जॅक्सन हेस्टिंग्सला केलेल्या हिप-ड्रॉपमध्ये हेस्टिंग्सचा पाय मोडला. कॅरिगनला चार सामन्यांची बंदी झाली. हिप-ड्रॉप हा शब्द त्या काळात सामान्य प्रेक्षकांच्या तोंडी आला. तोवर असे अनेक टॅकल झाले होते. त्यांची एवढी चर्चा झाली नव्हती.

दुखापतीचा विचार करण्यामागे कारण आहे. पीडित खेळाडू महिनोन्‌महिने बाहेर बसतो आणि टॅकल करणारा पुढच्या आठवड्यात खेळतो, हे लोकांना पटत नाही. पण केवळ परिणाम पाहिला, तर ज्या धोकादायक टॅकलमध्ये कुणी जखमी झाले नाही, तो माफ होतो. खेळाडू त्यातून शिकतो ते एवढेच, की या वेळी चालून गेले. सुरक्षिततेच्या दृष्टीने थांबवायचा तो हाच टॅकल असतो. कारखान्यात अपघात थोडक्यात टळला, तरी त्याची नोंद घेतली जाते. त्यामागचे तत्त्व हेच आहे.

मैदानातील निर्णय आणि नंतरची बंदी यांत तफावत का?

ऑगस्ट २०२१ मध्ये साउथ सिडनीच्या लॅट्रेल मिचेलने सिडनी रूस्टर्सच्या जोसेफ मानूला केलेल्या हाय टॅकलमध्ये मानूच्या गालाचे हाड मोडले. मैदानात मिचेलला मिळाली १० मिनिटांची सिन-बिन. नंतर आरोप लागला बेपर्वाईचा आणि बंदी झाली सहा सामन्यांची. रूस्टर्सचे प्रशिक्षक ट्रेंट रॉबिन्सन यांनी पंचांवर जाहीर टीका केली आणि त्यांना २० हजार डॉलर दंड झाला.

येथे एक विचित्र गोष्ट घडते. ज्या संघाचा खेळाडू जखमी झाला, त्या रूस्टर्सला बंदीचा काहीच फायदा नाही. त्यांनी तो सामना ५४-१२ असा गमावला आणि मानूचा हंगामही संपला. मिचेल बाहेर बसल्याचा फायदा झाला तो साउथ सिडनीच्या पुढच्या प्रतिस्पर्ध्यांना. अंतिम सामन्यात साउथ सिडनी पेनरिथकडून १४-१२ असा अवघ्या दोन गुणांनी हरली.

जखमी संघाला न्याय मिळू शकतो तो फक्त त्याच सामन्यात, पंचांच्या हातून. ५ जून २०२४ रोजी ‘स्टेट ऑफ ओरिजिन’च्या पहिल्या सामन्यात न्यू साउथ वेल्सकडून पदार्पण करणाऱ्या जोसेफ सुआलीला क्वीन्सलँडच्या रीस वॉल्शवरील हाय टॅकलबद्दल सुरुवातीच्या दहा मिनिटांतच हाकलण्यात आले. त्याचा संघ उरलेला सामना १२ खेळाडूंनिशी खेळला आणि ३८-१० असा हरला. वर सुआलीला चार सामन्यांची बंदी झाली. ‘सामनाच बिघडला’ अशी तक्रार तेव्हाही झाली. पण वॉल्शही पुढे खेळू शकला नाही, हे त्या तक्रारीत राहून गेले.

एका सामन्याची बंदी सगळ्यांना सारखीच असते का?

कागदावर हो, प्रत्यक्षात नाही. २००८ मध्ये कॅमेरॉन स्मिथला बाद फेरीतील पकडीबद्दल दोन सामन्यांची बंदी झाली आणि तो अंतिम सामन्याला मुकला. कर्णधाराविना खेळलेला स्टॉर्मचा संघ मॅन्लीकडून ४०-० असा हरला.

दहा वर्षांनी त्याच क्लबच्या बिली स्लेटरवर तशीच वेळ आली. २०१८ च्या उपांत्य फेरीत क्रोनुलाच्या सोसाया फेकीला रोखताना त्याने शोल्डर चार्ज केल्याचा आरोप झाला. अंतिम सामना हा त्याच्या कारकिर्दीतील शेवटचा सामना होता. गुन्हा लगेच कबूल केला असता तरी एका सामन्याची बंदी अटळ होती, म्हणजे निवृत्ती स्टँडमध्ये बसून. लढून हरला असता तरी गमवायला आणखी काही नव्हते. त्यामुळे नेहमीचे गणित उलटे झाले आणि स्लेटर लढला. बचावाचा रोख धडकेच्या कोनावर आणि वेगावर होता. २५ सप्टेंबरच्या सुनावणीत तीन माजी खेळाडूंच्या समितीने त्याला निर्दोष ठरवले. पाच दिवसांनी तो अंतिम सामना खेळला. स्टॉर्म तो २१-६ असा हरली.

समितीने नियम लावला की अंतिम सामन्याचे दडपण मानले, हा वाद आजही संपलेला नाही. निर्णयामागची कारणे सविस्तर समोर आली नाहीत, तर अशा शंकांना जागा राहतेच.

खेळाडू न्यायालयात जाऊ शकतो का?

जाऊ शकतो आणि गेलेलेही आहेत. १९८५ मध्ये स्टीव्ह रॉजर्सचा जबडा हाय टॅकलमध्ये मोडला. त्याने टॅकल करणाऱ्या खेळाडूवर आणि त्याच्या क्लबवर दावा केला. न्यू साउथ वेल्सच्या अपील न्यायालयाने १९९३ मध्ये रॉजर्सच्या बाजूने कौल दिला आणि क्लबलाही जबाबदार धरले. वेस्ट टायगर्सच्या जॅरड मॅक्रॅकनची कारकीर्द २००० मध्ये मेलबर्न स्टॉर्मच्या दोन खेळाडूंनी उचलून आपटल्यामुळे संपली. त्यानेही दावा जिंकला आणि नुकसानभरपाई मिळवली.

मैदानात उतरणारा खेळाडू नियमात होणाऱ्या धडकांचा धोका पत्करतो. नियम मोडून केलेल्या हल्ल्याला त्याची संमती गृहीत धरता येत नाही, असा या प्रकरणांचा बोध आहे. लीग आपली शिस्तपालन यंत्रणा कडक ठेवते, त्यामागे ही कायदेशीर टांगती तलवारही आहे.

मेंदूच्या दुखापतीमुळे चित्र कसे बदलत आहे?

हात मोडला तर दिसतो. मेंदूला बसलेल्या धक्क्यांचा परिणाम अनेक वर्षांनी दिसतो. वारंवार डोक्याला मार बसल्याने होणारा ‘सीटीई’ हा मेंदूचा आजार २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांना दोन माजी रग्बी लीग खेळाडूंच्या मेंदूत आढळला. निश्चित निदान मृत्यूनंतरच्या तपासणीतच होते. इंग्लंडमध्ये माजी खेळाडूंनी याच मुद्द्यावर नियामक संस्थेविरुद्ध कायदेशीर लढा सुरू केला आहे.

मे २०२१ मध्ये ब्रिस्बेनमधील ‘मॅजिक राउंड’मध्ये एनआरएलने हाय टॅकलविरुद्ध एकदम कडक भूमिका घेतली. एका फेरीत तीन खेळाडू हाकलले गेले आणि सिन-बिनची रांग लागली. माजी खेळाडू आणि प्रशिक्षकांनी ‘खेळ मवाळ होतोय’ म्हणून ओरड केली. पुढे मेंदूला धक्का बसल्याचे निदान झालेल्या खेळाडूला किमान ११ दिवस बाहेर ठेवण्याचा नियम आला. मात्र, हा नियम धडकेनंतरचा आहे. धडक टाळण्याचे काम टॅकलच्या नियमांना आणि सुनावणीलाच करावे लागते.

रग्बी युनियनमध्ये वेगळे काय?

युनियनमध्ये लाल कार्ड मिळाले, की प्रकरण शिस्तपालन समितीसमोर जाते. डोक्यावरील धोकादायक टॅकलसाठी मधल्या पातळीची शिक्षा सहा सामन्यांपासून सुरू होते. पश्चात्ताप, आधीची स्वच्छ नोंद अशा कारणांनी ती कमी होऊ शकते. टॅकल सुधारण्याचा प्रशिक्षणवर्ग पूर्ण केल्यास आणखी एक सामना कमी होतो. म्हणजे शिक्षेतच सुधारणेची सोय आहे.

पण गोंधळ तेथेही आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये इंग्लंडचा कर्णधार ओवेन फॅरेलला वेल्सविरुद्ध मिळालेले लाल कार्ड समितीने रद्द केले. टीकेची झोड उठल्यावर जागतिक संघटनेनेच त्याविरुद्ध अपील केले आणि फॅरेलला चार सामन्यांची बंदी झाली. एकाच चित्रफितीवर दोन समित्यांचे दोन निष्कर्ष निघाले.

पुढे काय?

चित्रफिती कितीही स्पष्ट झाल्या तरी ‘काळजी घेतली का’ या प्रश्नाचे उत्तर कॅमेरा देत नाही, माणसेच देतात. त्यामुळे वाद पूर्ण संपणार नाहीत. ते कमी करायचे असतील, तर उपाय समोर आहेत : दुखापत झाली नाही तरी धोकादायक कृतीवर तेवढीच सातत्याने कारवाई, निर्णयामागची कारणे जाहीर करणे आणि पकड खाली घेण्याचे प्रशिक्षण. अंतिम सामना जवळ आला म्हणून मोजपट्टी बदलत नाही, हेही खेळाडूंना दिसले पाहिजे.

मॅक्लीनची सात सामन्यांची बंदी त्याच हंगामात संपली. मॅकिनन आजही चाकाच्या खुर्चीत आहे. बंदी सात सामन्यांची असो वा सतराची, त्या दोघांमधला हिशेब तिने मिटला नसता. सुनावणीचा खरा उपयोग तेव्हा झाला असता, जेव्हा त्या रात्रीच्या आधी झालेल्या आणि कुणालाही इजा न केलेल्या तशाच टॅकलवर कुणीतरी बोट ठेवले असते.